साहेबाची खुर्ची, माळ्यावरची खुर्ची: बेळगावातल्या एका घराचं फर्निचर प्रकरण

शहापुरातलं कौलारू घर पाडून तिथे नवं बांधकाम करायचं ठरलं आणि थोरल्या मुलाचं कुटुंब आज्जींना घेऊन टिळकवाडीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जायला निघालं. भांडी, कपाटं, पितळी समया यांची वाटणी दोघा भावांत फारशी कुरबूर न होता झाली. घोडं अडलं ते बसायच्या सामानावर. धाकटा बेंगळुरूला असतो, त्याला काहीच नको होतं. थोरल्याला सगळंच हवं होतं. त्याच्या बायकोला शोरूममधला एल आकाराचा सोफा पाहिजे होता आणि त्याचा कोपरा कुठल्या भिंतीला लागणार हेही तिने ठरवून टाकलं होतं. आज्जींना अजून कुणी विचारलंच नव्हतं.

घरांच्या आतली कामं करणं हा माझा धंदा, त्यामुळे "यातलं काय ठेवायचं ते तुम्हीच सांगा" म्हणून मला बोलावणं आलं. कुटुंबाची परवानगी घेऊन आणि नावं गाळून हे लिहितोय. जुन्या सोफ्यांचं सध्या फॅड आहे, पण त्या फॅडात लोक नेमकी चुकीची वस्तू घरात आणतात आणि बरोबर ती भंगारात देतात. या घरातही तेच होणार होतं.

सामान काय होतं

दिवाणखान्यात तीन माणसांचा लाकडी सोफा, रुंद सपाट हातांचा. त्याच्या जोडीच्या दोन सुट्या खुर्च्या. कोपऱ्यात मानाच्या जागी उंच पाठीची, दोन्ही बाजूंना कान असलेली, लालसर रेक्झिनची गुबगुबीत खुर्ची. हीच 'साहेबाची खुर्ची'. आजोबा कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, ठेकेदारी करायचे, १९४७ साली परत जाणाऱ्या कुणा इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली, अशी घरातली कथा. कॅम्प इथं इंग्रजांच्या काळापासून आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे, तेव्हा बेळगावात अशी कथा कुणालाही खरी वाटते. आमच्या गावात दर दहा घरांमागे एक साहेबाची खुर्ची निघेल. पाचवी वस्तू माळ्यावर होती: लांब हातांची आरामखुर्ची, वेताची जाळी फाटलेली, वर जुन्या वह्यांचे गठ्ठे.

मी जायच्या आधी तीन दर येऊन गेले होते. घर पाडणाऱ्या ठेकेदाराने सगळ्याचे मिळून नऊ हजार सांगितले होते. शोरूमवाल्याने ६८ हजारांच्या नव्या सोफ्यावर जुना सेट घेऊन पाच हजार कमी करायची तयारी दाखवली होती. तिसरा होता गोव्याचा व्यापारी, चोर्ला घाटाच्या वाटेने अधूनमधून जुनं लाकूड न्यायला येणारा. त्याने फोटो बघून एकाच वस्तूचा दर सांगितला, माळ्यावरच्या खुर्चीचा: चौदा हजार. साहेबाच्या खुर्चीबद्दल त्याने विचारलंसुद्धा नाही. घरच्यांना ते विचित्र वाटलं. मला तिथेच निम्मं उत्तर मिळालं होतं.

उलटं करून बघणं

जुनं फर्निचर समोरून बघून काही कळत नाही. पॉलिश, नक्षी, कापड हे सगळं बदलता येतं. ते उलटं करायचं, खालचं कापड उसवायचं आणि जिथे कुणी बघणार नाही असं बनवणाऱ्याला वाटलं होतं तिथे बॅटरी मारायची.

तीन माणसांचा सोफा आडवा केला. मागच्या पायावर, आतल्या बाजूला, पटाशीने हलकं खरवडलं तसा सागाचा तेलकट वास आला. रेषा दाट आणि सरळ. हा जंगलातला, सावकाश वाढलेला साग. आमच्याकडे 'दांडेलीचं सागवान' असं सगळ्याच सागाला म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे ते नेमकं कुठलं यावर मी पैज लावणार नाही. खानापूर, लोंढा, नागरगाळी या पट्ट्यातही साग आहेच. हल्ली बाजारात येणारं लाकूड पुष्कळदा लागवडीतल्या कोवळ्या झाडाचं असतं. त्यात बाहेरचा फिकट भाग जास्त, आणि कीड लागते ती त्याच फिकट भागाला. पिकलेल्या गाभ्याकडे भुंगा सहसा फिरकत नाही.

सांध्यांत एकही खिळा नव्हता. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारं कुसू, मध्ये सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक) आणि आरपार लाकडी खुंटी. एक हात थोडा हलत होता, कारण सरस वाळून सुटला होता. लोक अशा हलणाऱ्या हाताला "सोफा खिळखिळा झाला" म्हणतात आणि वरून चार खिळे ठोकतात. त्या खिळ्यांनीच मग खरोखर लाकूड फाटतं. सरसाचा गुण असा की ऊब आणि ओलावा मिळाला की तो मऊ होतो. म्हणजे सांधा न मोडता उघडता येतो, साफ करून पुन्हा बसवता येतो. बनवणाऱ्याने वस्तू पुढे कधीतरी उघडावी लागणार हे धरूनच बनवलेली असते.

आता बैठक. खाली नवारीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या, त्यांच्यावर शिवलेल्या गोल स्प्रिंगा, प्रत्येक स्प्रिंग शेजारच्या स्प्रिंगांना सुतळीने चारी बाजूंनी आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून बांधलेली, वर किलतान (गोणपाटासारखं जाडंभरडं कापड), त्यावर काथ्या, मग कापूस, मग कापड. मध्ये बसलं की माणूस खड्ड्यात जायचा आणि एक स्प्रिंग टोचायची. थोरल्याच्या मते स्प्रिंगा मेल्या होत्या. स्प्रिंगा ठणठणीत होत्या. तुटली होती ती सुतळी, आणि नवार सैल पडली होती.

या सगळ्या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच. जुन्या चांगल्या सोफ्यात आधी मरते ती सगळ्यांत स्वस्त वस्तू: सुतळी, नवार, काथ्या, कापड. हाडं शाबूत राहतात. आजच्या मधल्या किमतीच्या सोफ्यात उलटं होतं. कापड अजून चकचकीत असतं आणि आत पार्टिकल बोर्डाने, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीने, ओलावा पिऊन स्क्रू सोडलेला असतो. लाकडाच्या भुशात एकदा स्क्रूचं भोक मोठं झालं की तिथे पुन्हा काही धरत नाही. त्यात बेळगावचा पावसाळा. अडीच हजार फुटांवरचं गाव, जूनपासून गणपतीपर्यंत भिंतींना हात लावला तरी ओल जाणवते. चामड्यासारख्या दिसणाऱ्या त्या कृत्रिम कापडाचा वरचा पापुद्रा अशा दमट हवेत काही वर्षांत सुटायला लागतो आणि बसलेल्या माणसाच्या पाठीला चिकटून घरभर फिरतो. तो शिवता येत नाही, रंगवता येत नाही. नवे सोफे सगळे असेच असतात असं माझं म्हणणं नाही. आत पक्कं, वाळवलेलं लाकूड घालून देणारे आहेत, पण त्यांचा दर विचारला की लोक पुन्हा ६८ हजारांच्या सोफ्याकडे वळतात.

दोन सुट्या खुर्च्याही त्याच हाताच्या, त्याच लाकडाच्या निघाल्या. त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

साहेबाची खुर्ची

तिच्या खालचं कापड उसवलं आणि पिवळी पूड जमिनीवर पडली. फोम. हा फोम म्हातारा झाला की भाकरीच्या पिठासारखा झडतो. बैठकीखाली प्लायवूडचा तुकडा, कापड लावायला सगळीकडे मशीनच्या पिना, आणि सांध्यांत अधिकच्या खुणेचे स्क्रू. या फुलीच्या स्क्रूचं पेटंट अमेरिकेत १९३० च्या दशकातलं आहे. तो आपल्याकडच्या साध्या सुतारकामात रुळायला आणखी पुष्कळ काळ गेला. एकट्या स्क्रूवरून निकाल देऊ नये, कारण दुरुस्तीत कुणीही नवा स्क्रू मारतो. पण प्लाय, पिना, फोम आणि स्क्रू हे चौघे एकत्र साक्ष द्यायला लागले की साहेब काही वाचत नाही. पाठीच्या आत तर मालाच्या खोक्याची फळी होती, तिच्यावर छापलेली अर्धवट अक्षरं अजून दिसत होती. खालच्या बाजूला किडीची भोकं आणि ताजा भुसा.

हे घरात सांगायचं कसं, असा मला प्रश्न पडला. थोरल्याचा चेहरा पडलाच. आज्जी मात्र खाटेवरून म्हणाल्या, "साहेबाची कुठली आलीय? दुकानातनं हप्त्यानं घेतलेली की ती. ह्यांना सांगायला आवडायचं, मी कशाला मोडू?"

त्या खुर्चीचा निकाल तिथेच लागला. ती दुरुस्त करायची म्हणजे सांगाडाच नवा करायचा, आणि सांगाडा नवा करून वर जुनं नाव ठेवण्यात काही अर्थ नाही. शिवाय भुंगा लागलेलं लाकूड नव्या फ्लॅटच्या कपाटांशेजारी न्यायचं नसतं.

माळ्यावरची खुर्ची खाली आणायलाच दोन माणसं लागली, इतकी जड. ओल्या फडक्याने पुसली तसा जांभळट काळा रंग वर आला: शिसव. लांब हातांखाली फिरून बाहेर येणारे दांडे, ज्यांवर पाय पसरून ठेवता येतात. चहा-कॉफीचे मळेवाले आणि साहेबलोक वापरायचे तसली. वेत गेला होता, पण वेतासाठी पाडलेली भोकं चौकटीत एकसारख्या अंतरावर, एकही फाटलेलं नाही. कुणी सांगावं, कॅम्पातून खरोखर आलेली वस्तू हीच असेल. आज्जींनाही ती कुठून आली ते आठवत नव्हतं.

अशी पारख चुकते ती काही फक्त घराघरांत नाही. चंदीगड वसवताना १९५० च्या दशकात वास्तुकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या हजारो खुर्च्या बनल्या. पुढे कचेऱ्यांनी त्या मोडीत काढल्या, गच्च्यांवर त्यांचे ढीग पडले. आता त्याच खुर्च्या परदेशी लिलावांत लाखो रुपयांना जातात. तिथेही लाकूड, सांधा आणि वेत एवढंच आहे.

सुनेची बाजू

सून शिक्षिका आहे. जुन्या वस्तूंविरुद्धचं तिचं म्हणणं मला लहरी वाटलं नाही. जड सामान सरकवून केर तिलाच काढावा लागतो. जुन्या काथ्यात ढेकूण असले तर नव्या घरात ते पहिल्या रात्रीच गृहप्रवेश करतील. संध्याकाळी चौघांनी टीव्हीसमोर पाय वर घेऊन बसायचं तर लाकडी हात मध्ये येतात. आणि "आमच्याकडे आलेल्या माणसाला हे म्हाताऱ्यांचं घर वाटायला नको," हेही ती स्पष्टच बोलली.

म्हणून निर्णय करायच्या आधी मी सगळ्यांना शोरूममध्ये नेलं, आज्जींसकट. एल आकाराच्या सोफ्याची बैठक रिकामी असताना सोळा इंच भरली; आज्जी बसल्यावर फोम दबून ती तेराच्या आसपास आली. खोली चोवीस इंच, म्हणजे पाठ टेकवली की आज्जींचे पाय अधांतरी, आणि पाय टेकवले की पाठ अधांतरी. सेल्समनने मागे उशी दिली. उठायची वेळ आली तेव्हा धरायला हातच नव्हता. हात होता तो पार दुसऱ्या टोकाला. गुडघे नितंबांपेक्षा वर गेले की उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. आज्जी म्हणाल्या, "बसालंय बरं, पण मला उठवा आधी. रोज कोण उठवणार? तुम्ही सगळी कामाला."

घरी येऊन जुन्या सुट्या खुर्चीची उंची मोजली. साडेसतरा इंच, बैठक कडक, खोली वीस. हात रुंद, पुढपर्यंत आलेले, दोन्ही तळवे टेकवून उठता येईल असे. नऊवारीत मांडी घालूनही बसता येतं. ज्या काळात बैठकीत म्हातारी माणसं तासन् तास बसायची त्या काळाच्या मापांनी ती केलेली होती.

सुनेचं मन मात्र आज्जींच्या गुडघ्यांनी वळलं नाही, ते वळलं फरशीवरून. शोरूममधला सोफा जमिनीला टेकलेला, खाली हात जाईना. जुन्याच्या पायांखाली सहा इंचांची मोकळी जागा, पोछा सरळ भिंतीपर्यंत जातो. शिवाय हॉल अकरा बाय पंधरा. एलने दोन भिंती खाल्ल्या असत्या. सहा फुटी सोफा एकीवर मावतो आणि बाल्कनीचं दार मोकळं राहतं. तिने दोन अटी घातल्या: आतलं जुनं भरण सगळं फेकायचं, आणि खोळी चेनच्या, काढून धुता येतील अशा हव्यात. दोन्ही अटी मलाही मान्य होत्या. जुना काथ्या आणि कापूस कितीही चांगला दिसला तरी पुन्हा भरू नये असं माझंही मत आहे.

काम

वडगावचे सुतार मिस्त्री आणि कॅम्पातले कुशनवाले अशी दोघांची जोडी लावली. एक मराठी-कन्नड बोलणारे, दुसरे उर्दू-कन्नड. भांडण तिन्ही भाषांत व्हायचं.

पहिलं भांडण डिंकावरून. मिस्त्रींना सैल सांध्यात फेव्हिकॉल ओतून मोकळं व्हायचं होतं. जुन्या सरसाच्या थरावर तो नीट धरत नाही; धरला तर पुढे कधी उघडत नाही. शेवटी गरम ओल्या फडक्याने सांधे सोडवले, खरवडून साफ केले आणि पुन्हा सरसच लावला. याचा एक फायदा आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टमध्ये सहा फुटी सोफा काही केल्या जात नव्हता. दोर बांधून बाल्कनीतून चढवायच्या गोष्टी चालल्या होत्या. मिस्त्रींनी हात, पाठ आणि बैठक सुटी करून चार भागांत वर नेली आणि खुंट्या वर जाऊन ठोकल्या.

बैठकीत नवी नवार ताणून लावली, जुन्याच स्प्रिंगा धुऊन, वाळवून नव्या सुतळीने बांधल्या. वर किलतान आणि त्यावर ४० डेन्सिटीचा फोम, म्हणजे एका घनमीटरला ४० किलो वजनाचा. शुद्धतावादी लोक काथ्याच भरा म्हणतील. खाली स्प्रिंग असताना वर पातळ घट्ट फोम चालतो आणि धुळीची कटकट वाचते, हा माझा हिशोब.

कापडावर सुनेने खणाचा आग्रह धरला. गुळेदगुड्डचा खण दिसतो सुंदर, पण तो चोळीसाठी विणलेला: पन्हा अरुंद, म्हणजे बैठकीवर जोडच जोड, आणि रोजच्या घासण्याला ते सूत टिकायचं नाही. बैठकीला जाड दोसुती कापड, आणि खण पाठीच्या सुट्या उशांना, यावर तडजोड झाली. सुट्या उशांना कापड कमी लागतं, हवं तेव्हा बदलता येतं.

वेताचं काम सगळ्यांत अवघड गेलं, कारण माणूस मिळेना. देशभरातल्या अंधशाळांत खुर्च्या विणायला शिकवायची जुनी रीत आहे; तसं शिकलेले, आता निवृत्त झालेले एक गृहस्थ ओळखीतून सापडले. वेत भिजवून घ्यायचा, आधी उभे दोन थर, मग आडवे दोन, मग दोन्ही तिरके. वाळला की तो आपोआप ताणला जातो. बोटांनी भोकं मोजत ते जे विणत गेले त्यात शोधूनही चूक सापडली नाही. जाताना त्यांनी एक सांगितलं: वेत पुढे सैल वाटला तर वरून नाही, खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवा आणि सावलीत वाळू द्या. प्लास्टिकच्या वायरने हे काम एक तृतीयांश पैशात झालं असतं. शिसवाच्या चौकटीला ती विणायला मीच नको म्हटलं.

पैसे

सोफ्याचे साडेएकवीस हजार, एका सुट्या खुर्चीचे आठ, आरामखुर्चीच्या वेताचे साडेचार, पॉलिशचा अंदाज सहा. एकूण चाळीस हजार. नव्यापेक्षा कमी, पण 'जुनं म्हणजे फुकटात' अशी कुणाची समजूत असेल तर ती सोडलेली बरी. हेच पैसे साहेबाच्या खुर्चीवर घातले असते तर पाण्यात गेले असते. आत साग किंवा शिसव नसेल, सांधा खिळ्यांचा असेल, तर भावनेसाठी एखादी वस्तू जरूर ठेवा, तिच्यावर खर्च मात्र करू नका, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

दुसरी सुटी खुर्ची तशीच आहे. "मला काही नको" म्हणणाऱ्या धाकट्याने फोटो पाहिल्यावर ती मागितली. ती करून द्यायचा खर्च कोणी करायचा यावर भावांचं बोलणं अजून चालू आहे.

राहिलं पॉलिश. मिस्त्री पहिल्यापासून सांगत होते की लाखेचं पॉलिश पावसाळ्यात नको. हवेतला ओलावा आत अडकतो आणि वर पांढुरकं धुकं धरतं. घरच्यांना गणपतीपूर्वी सगळं जागेवर हवं होतं. म्हणून तेवढ्यापुरतं तेल आणि मेण चोळून दिलं, दिवाळीनंतर लाख चढवायची असं ठरलं. दिवाळी झाली. मिस्त्री चपडी लाख आणि स्पिरिट घेऊन हजर झाले, तर सून म्हणाली, राहू दे, असंच छान दिसतंय, गरम कप ठेवला तरी डाग दिसत नाही. तिचं म्हणणं खरंच आहे, लाखेवर गरम कपाची पांढरी कडी उठते. मिस्त्री बराच वेळ सोफ्याकडे बघत उभे राहिले. मग पिशवी उचलून मला म्हणाले, "तुमची मर्जी. पण हे कुणी केलंय विचारलं तर माझं नाव सांगू नका की."